‘क्रेडिबल’, ‘प्लॉजिबल’ आणि ‘रिलायेबल’ : सारख्याच वाटणाऱ्या इंग्रजी विशेषणांतील अंतर

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल या प्रकरणात अंतरिम आदेश दिला. त्या आदेशातील ‘प्लॉजिबल’ या एका विशेषणाच्या अर्थावरून पुढे कित्येक महिने वाद चालू राहिला. गाझामध्ये नरसंहार होत असल्याचा दावा न्यायालयाला ‘प्लॉजिबल’ वाटला, अशा आशयाची वृत्ते जगभर प्रसिद्ध झाली. आदेश दिला गेला त्या वेळी न्यायालयाच्या अध्यक्षा असलेल्या जोन डोनोह्यू यांनी कार्यकाळ संपल्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये, बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत या समजाचे निराकरण केले. न्यायालयाने हे विशेषण नरसंहाराच्या आरोपाला लावलेले नव्हते. नरसंहारापासून संरक्षण मिळण्याच्या पॅलेस्टिनी जनतेच्या हक्काला आणि तो हक्क न्यायालयापुढे मांडण्याच्या दक्षिण आफ्रिकेच्या अधिकाराला लावलेले होते, असे त्यांनी सांगितले. त्या हक्काला भरून न येणारी हानी पोहोचण्याचा धोका आहे, हेही आदेशात नमूद होतेच. आरोप खरा की खोटा, हा प्रश्न मूळ खटल्याच्या पुढील टप्प्याचा होता.

एखादी गोष्ट कितपत विश्वास ठेवण्याजोगी आहे, हे सांगणारी अनेक विशेषणे इंग्रजीत आहेत. ‘क्रेडिबल’, ‘प्लॉजिबल’, ‘प्रॉबेबल’, ‘रिलायेबल’, ‘ट्रस्टवर्दी’ आणि ‘बिलीव्हेबल’ ही त्यांतील प्रमुख. शब्दकोशात यांपैकी बहुतेकांपुढे ‘विश्वसनीय’ किंवा ‘विश्वासार्ह’ हाच मराठी प्रतिशब्द आढळतो. मात्र न्यायालये, परराष्ट्र खाती, तपास यंत्रणा आणि वैज्ञानिक संस्था यांच्या भाषेत प्रत्येक विशेषणाची पायरी वेगळी असते. ती पायरी चुकली तर आरोपाचा पुरावा होतो, शक्यतेचा निष्कर्ष होतो आणि प्राथमिक चाचणीचा अंतिम निकाल होतो.

‘श्रद्धा’ शब्दाशी नाते

‘क्रेडिबल’चे मूळ ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या ‘क्रेडेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे क्रियापद आणि संस्कृतातील ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून निघाले आहेत. मन एखाद्या ठिकाणी ठेवणे, असा त्या मुळाचा अर्थ लावला जातो. त्यामुळे ‘क्रेडिबल’ हा मराठी वाचकाला दिसतो तितका परका शब्द नाही.

याच मुळापासून इंग्रजीत शब्दांचे एक कुटुंब तयार झाले आणि घोटाळ्याची सुरुवातही तेथूनच होते. ‘क्रेडिबल’ म्हणजे ज्यावर विश्वास ठेवता येईल असा. हे विशेषण साक्ष, माहिती, साक्षीदार किंवा धमकी यांना लागते. ‘क्रेड्युलस’ म्हणजे जो कशावरही चटकन विश्वास ठेवतो असा. हे विशेषण ऐकणाऱ्या माणसाला लागते. मराठीत त्यासाठी ‘भाबडा’ हा नेमका शब्द आहे. एखादा साक्षीदार ‘क्रेडिबल’ आहे असे म्हणणे ही त्याची प्रशंसा, तर तो ‘क्रेड्युलस’ आहे असे म्हणणे हा त्याच्या विवेकावरील ठपका ठरतो.

तिसरा शब्द ‘क्रेडिटेबल’. त्याचा विश्वासाशी असलेला संबंध आज जवळपास तुटला असून ‘प्रशंसनीय’, ‘श्रेय देण्याजोगे’ हा त्याचा प्रचलित अर्थ आहे. बलाढ्य संघाविरुद्ध नवख्या संघाने ‘क्रेडिटेबल’ कामगिरी केली, असे क्रीडावृत्तात येते तेव्हा ती कामगिरी विश्वासार्ह होती असे सांगायचे नसते. पराभव झाला तरी कौतुक करण्यासारखा खेळ झाला, एवढाच त्याचा आशय असतो.

नकारार्थी जोडीतही हाच भेद कायम राहतो. ‘इनक्रेडिबल’ हे विशेषण गोष्टीला लागते, तर ‘इनक्रेड्युलस’ हे ती गोष्ट ऐकून विश्वास न बसलेल्या माणसाला. त्यातही ‘इनक्रेडिबल’चा अर्थ काळाच्या ओघात पालटला. मुळात ‘विश्वास ठेवता येणार नाही असा’ एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे ‘विश्वास बसू नये इतका अद्भुत’ असा प्रशंसेचा अर्थ त्याला चिकटला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘इनक्रेडिबल इंडिया’ या मोहिमेत हाच दुसरा अर्थ अभिप्रेत होता. म्हणूनच भारतीय भाषांत ती मोहीम ‘अतुल्य भारत’ या नावाने ओळखली जाते. शब्दशः भाषांतर करून ‘अविश्वसनीय भारत’ म्हटले असते, तर पर्यटकांना आमंत्रण देण्याऐवजी सावध करणारा संदेश गेला असता. न्यायालयाच्या निकालपत्रात मात्र एखाद्या साक्षीला ‘इनक्रेडिबल’ म्हटले असेल, तर तेथे जुनाच अर्थ घ्यावा लागतो.

टाळ्यांपासून न्यायालयापर्यंत

‘प्लॉजिबल’चे मूळ ‘टाळ्या वाजवणे’ या अर्थाच्या ‘प्लाउडेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘अप्लॉज’ हा शब्दही तेथूनच आला. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या विशेषणाचा आरंभीचा अर्थ ‘टाळ्या मिळवण्यास पात्र’ असा होता. पुढे तो ‘ऐकताक्षणी पटणारा’ असा झाला आणि त्यात एक संशयाची छटाही मिसळली. एखाद्या माणसाला इंग्रजीत ‘प्लॉजिबल’ म्हटले जाते तेव्हा तो गोड बोलून समोरच्याला पटवणारा आहे, त्याच्या शब्दांवर जरा जपून विसंबावे, असे बऱ्याचदा सुचवायचे असते.

एखादे स्पष्टीकरण ‘प्लॉजिबल’ आहे, याचा अर्थ त्यात उघड विसंगती नाही आणि तसे घडणे अशक्य नाही. तसे घडले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. परस्परविरोधी अशी दोन स्पष्टीकरणे एकाच वेळी ‘प्लॉजिबल’ असू शकतात. ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मराठीत ‘सकृद्दर्शनी पटण्याजोगे’ हा शब्दप्रयोग या अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा निकष बेल्जियम विरुद्ध सेनेगल या प्रकरणातील २००९ च्या आदेशापासून स्पष्ट शब्दांत लागू केला. मूळ खटल्याचा निकाल लागण्यास अनेक वर्षे जातात. तोपर्यंत भरून न येणारी हानी होऊ नये, यासाठी न्यायालय अंतरिम उपाय सुचवते. त्या टप्प्यावर पुराव्यांची अंतिम छाननी होत नाही. अर्जदार देश ज्या हक्काचे संरक्षण मागत आहे, तो हक्क विचारात घेण्याजोगा आहे का, एवढेच पाहिले जाते.

भारताने याच निकषाचा आधार घेतला तो कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी आणि महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये मृत्युदंड सुनावला. भारताने ८ मे २०१७ रोजी हेगच्या न्यायालयात धाव घेतली आणि ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. न्यायालयाने १८ मे २०१७ च्या आदेशात, व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ खालील वाणिज्यदूत संपर्काचे भारताने मागितलेले हक्क ‘प्लॉजिबल’ असल्याचे म्हटले आणि अंतिम निकाल लागेपर्यंत जाधव यांना फाशी दिली जाऊ नये, यासाठी सर्व उपाय योजण्यास पाकिस्तानला सांगितले. पाकिस्तानने त्या अनुच्छेदाचा भंग केला, हा निष्कर्ष न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजीच्या अंतिम निकालात काढला. पहिल्या आदेशापासून या निष्कर्षापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ‘प्लॉजिबल’ आणि ‘सिद्ध’ यांच्यामधील अंतर किती मोठे असते, हे या प्रकरणातून दिसून येते.

भामट्याची कथा आणि ऐकणाऱ्याचा भाबडेपणा

‘प्लॉजिबल’ आणि ‘क्रेड्युलस’ यांतील भेद आज सर्वसामान्य नागरिकांच्या बँक खात्यापर्यंत पोहोचला आहे. पोलीस, सीमाशुल्क विभाग किंवा केंद्रीय तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याची बतावणी करून दृक्‌श्राव्य कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचे सांगायचे आणि पैसे उकळायचे, हा फसवणुकीचा प्रकार देशभर फोफावला आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये त्याविषयी इशारा देताना अशी कोणतीही तरतूद कायद्यात नसल्याचे स्पष्ट केले होते.

अशा घटनांत बळी पडलेल्या व्यक्तीला भाबडे ठरवण्याकडे समाजाचा कल असतो. मात्र फसवणूक झालेल्यांत उच्चशिक्षित आणि निवृत्त अधिकारीही असतात. भामट्याची कथा मुद्दामच ‘प्लॉजिबल’ रचलेली असते. गणवेश, कार्यालयासारखी पार्श्वभूमी, बनावट आदेशपत्र, आधार क्रमांकाचा उल्लेख अशा प्रत्येक तपशिलाने ती पटण्याजोगी होत जाते. ती ‘क्रेडिबल’ ठरण्यासाठी लागणारा एकमेव घटक, म्हणजे स्वतंत्र पडताळणी, तेवढा होऊ दिला जात नाही. म्हणूनच कॉल चालू ठेवण्याची आणि कोणाशीही न बोलण्याची सक्ती केली जाते. कॉल तोडून संबंधित कार्यालयाशी किंवा सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाशी संपर्क साधणे म्हणजे कथेला ‘प्लॉजिबल’च्या पायरीवरून पुढे जाऊ न देता तपासून पाहणे होय.

‘क्रेडिबल’ माहिती आणि कायदा

‘क्रेडिबल’ ही ‘प्लॉजिबल’च्या वरची पायरी. येथे गोष्ट केवळ शक्य वाटून भागत नाही. तिच्यावर विश्वास ठेवण्यास काही आधार असावा लागतो. तो आधार सांगणाऱ्याची पार्श्वभूमी, माहितीतील सुसंगती किंवा दुसऱ्या मार्गाने मिळालेला दुजोरा अशा स्वरूपाचा असतो. तरीही ‘क्रेडिबल’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे.

भारतीय कायद्यात या शब्दाच्या असण्या-नसण्यावर एक महत्त्वाचा निकाल उभा आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४१ मध्ये पोलिसांच्या विनावॉरंट अटकेच्या अधिकारासंदर्भात ‘क्रेडिबल’ माहिती असा शब्दप्रयोग होता. प्रथम खबरी अहवालाविषयीच्या कलम १५४ मध्ये मात्र केवळ ‘माहिती’ असा शब्द होता. त्यामागे कोणतेही विशेषण नव्हते. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी या फरकाकडे लक्ष वेधले. दखलपात्र गुन्हा उघड करणारी माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. माहिती विश्वासार्ह वाटत नाही, हे नोंदणी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे घटनापीठाने स्पष्ट केले. काही प्रवर्गांतील प्रकरणांत मर्यादित प्राथमिक चौकशीची मुभाही या निकालात ठेवण्यात आली.

तक्रारदाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. ठाण्यात आलेल्या स्त्रीची किंवा मजुराची हकिगत पटत नाही म्हणून तिला परत पाठवण्याची मोकळीक कायदा देत नाही. विश्वासार्हतेची परीक्षा नोंदणीनंतर, तपासात आणि पुढे न्यायालयात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा विषय कलम १७३ मध्ये आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद त्यात करण्यात आली आहे. सकृद्दर्शनी प्रकरण आहे का, हे पाहणे एवढाच त्या चौकशीचा हेतू असतो.

अमेरिकेच्या आश्रयविषयक कायद्यात ‘क्रेडिबल फिअर’ ही संज्ञा १९९६ च्या सुधारणेने आली. मायदेशी छळ होईल, अशी भीती व्यक्त करणाऱ्या व्यक्तीची प्राथमिक मुलाखत घेतली जाते. तिचा दावा पुढे मान्य होण्याची लक्षणीय शक्यता आहे का, एवढेच त्या वेळी तपासले जाते. ही चाचणी पार केली म्हणजे आश्रय मिळाला, असे होत नाही. तेथे अर्ज करणाऱ्या भारतीयांच्या बाबतीतही हा फरक निर्णायक ठरतो.

मुत्सद्देगिरीच्या भाषेत

कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी १८ सप्टेंबर २०२३ रोजी तेथील संसदेत हरदीपसिंग निज्जर हत्येसंदर्भात भारत सरकारच्या हस्तकांचा संभाव्य संबंध असल्याच्या ‘क्रेडिबल’ आरोपांचा उल्लेख केला. भारताने हे आरोप निरर्थक आणि हेतुप्रेरित असल्याचे सांगत फेटाळले. दोन्ही देशांच्या संबंधांत त्यानंतर मोठा तणाव निर्माण झाला. पुढे १६ ऑक्टोबर २०२४ रोजी परकीय हस्तक्षेपाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साक्ष देताना, त्या वेळी आपल्याकडे प्रामुख्याने गुप्तवार्ता होती, ठोस पुरावा नव्हता, असे ट्रुडो यांनी सांगितले. ‘क्रेडिबल’ हे विशेषण ‘आरोप’ या नामाला लावले म्हणून त्या नामाचे ‘पुरावा’ होत नाही. वृत्ताचे भाषांतर करताना विशेषणाइतकेच लक्ष ते कोणत्या नामाला जोडले आहे, याकडे द्यावे लागते.

संरक्षणविषयक परिभाषेत याच शब्दाला वेगळे वळण मिळते. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या भारताच्या अण्वस्त्र धोरणात ‘क्रेडिबल मिनिमम डिटरन्स’, म्हणजे विश्वासार्ह किमान प्रतिरोध, हे सूत्र आहे. येथे विश्वास बसायचा आहे तो प्रतिस्पर्ध्याचा. हल्ला झाल्यास प्रत्युत्तर देण्याची क्षमता आणि निर्धार दोन्ही आहेत, असे त्याला वाटले तरच प्रतिरोध साधतो. शस्त्रे असूनही प्रतिस्पर्ध्याची तशी खात्री पटली नाही, तर तो प्रतिरोध ‘क्रेडिबल’ ठरत नाही.

‘प्रॉबेबल’ : येथे तुलना आवश्यक

‘प्लॉजिबल’ आणि ‘प्रॉबेबल’ या दोहोंसाठी मराठीत सर्रास ‘संभाव्य’ हा शब्द वापरला जातो आणि अर्थाची गल्लत होते. ‘प्लॉजिबल’ म्हणजे घडू शकेल असे. ‘प्रॉबेबल’ म्हणजे न घडण्यापेक्षा घडण्याचीच शक्यता अधिक आहे असे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, आपल्या अहवालांत हा भेद काटेकोरपणे पाळते. ‘लाइकली’ या शब्दाला तेथे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ला ९० ते १०० टक्के असे आकडे ठरवून दिलेले आहेत. भविष्यातील उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या चित्रांना मात्र ‘प्लॉजिबल’ म्हटले जाते. ती भाकिते नसतात. कोणत्या वाटेने गेल्यास काय होईल, याची सुसंगत मांडणी असते. सर्वांत भीषण चित्राचे वृत्त ‘असे होणार’ म्हणून देणे, ही या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने होणारी नेहमीची चूक आहे.

पुराव्याच्या कायद्यातही ‘प्रॉबेबल’ला मध्यवर्ती स्थान आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३ नुसार, एखादी वस्तुस्थिती अस्तित्वात आहे असे न्यायालयाला वाटते किंवा शहाण्या माणसाने ती गृहीत धरून वागावे इतकी ती संभवनीय असते, तेव्हा ती ‘सिद्ध’ मानली जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २ मध्ये हीच व्याख्या कायम आहे. फौजदारी खटल्यात दोषी ठरवण्यासाठी याहून कठोर, म्हणजे वाजवी संशयापलीकडची खात्री लागते.

‘रिलायेबल’ : वारंवारतेची कसोटी

‘रिलायेबल’ म्हणजे ज्यावर विसंबून पुढचे पाऊल टाकता येईल असा. एकदा खरे बोलणे त्यासाठी पुरेसे नसते. पुन्हा पुन्हा तसाच अनुभव यावा लागतो. मराठीत ‘भरवशाचा’ आणि ‘खात्रीलायक’ हे त्याचे खरे प्रतिशब्द. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ या म्हणीतील खंतही पूर्वानुभवावर विसंबल्यामुळेच निर्माण होते.

मोजमापाच्या शास्त्रात ‘रिलायेबल’चा अर्थ आणखी मर्यादित आहे. दर वेळी बरोबर १०० ग्रॅम जास्त दाखवणारा वजनकाटा त्या शास्त्राच्या भाषेत ‘रिलायेबल’ असतो, कारण तो सातत्य राखतो. पण तो अचूक नसतो. परीक्षा, सर्वेक्षणे आणि वैद्यकीय चाचण्या यांच्याविषयी वाचताना हा भेद उपयोगी पडतो.

न्यायालयात ‘रिलायेबल’ हे साक्षीदाराचे वर्गीकरण करणारे विशेषण आहे. वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग केले : पूर्णतः भरवशाचे, पूर्णतः बेभरवशाचे आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या वर्गातील एकाच साक्षीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या वर्गातील साक्ष फेटाळली जाते. तिसऱ्या वर्गात प्रत्यक्ष किंवा परिस्थितीजन्य दुजोरा शोधावा लागतो. पुराव्याची संख्या पाहायची नसून गुणवत्ता पाहायची असते, हे तत्त्व आजही या निकालाच्या आधारे सांगितले जाते.

‘ट्रस्टवर्दी’ हा शब्द चारित्र्याकडे झुकतो. यंत्र किंवा आकडेवारी ‘रिलायेबल’ असते. ठेव सांभाळणारा माणूस ‘ट्रस्टवर्दी’ असतो. मराठीतील ‘विश्वासू’ हे विशेषण असेच प्रामुख्याने माणसाला लागते; ‘विश्वासू आकडेवारी’ असे कोणी म्हणत नाही. आर्थिक व्यवहारातील ‘क्रेडिट’साठी मराठीने ‘पत’ हा स्वतंत्र शब्द राखला आहे. पतपेढी, पतधोरण, पतमानांकन हे शब्द त्यातूनच घडले. कर्जदार सज्जन आहे का, यापेक्षा तो कर्ज फेडू शकेल का, हे ‘पत’ सांगते.

उरलेले काही शब्द

‘बिलीव्हेबल’ हा बोलीतला, सौम्य शब्द असून कादंबरीतील पात्र किंवा अभिनय याविषयी तो अधिक वापरला जातो. ‘कन्व्हिन्सिंग’ म्हणजे ऐकणाऱ्याचे मत प्रत्यक्ष पालटवणारा. ‘स्पेशस’ म्हणजे वरकरणी बिनतोड, पण आतून पोकळ असलेला युक्तिवाद. ‘सुंदर दिसणारा’ हा त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ. ‘ऑथेंटिक’ हा शब्द मजकूर खरा आहे का, हे सांगत नाही. दस्तऐवज अस्सल आहे एवढेच सांगतो. अस्सल पत्रातही खोटी माहिती असू शकते.

या सर्व विशेषणांना मराठीत ‘विश्वसनीय’ हा एकच शब्द लावण्याची गरज नाही. ‘प्लॉजिबल’साठी सकृद्दर्शनी पटण्याजोगा, ‘प्रॉबेबल’साठी संभवनीय, ‘क्रेडिबल’साठी विश्वासार्ह, ‘रिलायेबल’साठी भरवशाचा किंवा खात्रीलायक, ‘ट्रस्टवर्दी’साठी विश्वासू, ‘क्रेडिटेबल’साठी प्रशंसनीय आणि ‘क्रेड्युलस’साठी भाबडा हे शब्द भाषेत आधीपासूनच आहेत. एखाद्या वृत्तात यांपैकी कोणताही शब्द दिसल्यास तीन गोष्टी पाहिल्यास गैरसमज टळू शकतो : विशेषण कोणत्या नामाला लावले आहे, ते कोणी वापरले आहे आणि प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर वापरले आहे.